डायनिंग टेबल घेताना: आधी मोकळी जागा मोजा, मग टेबल

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की सोफ्यापाठोपाठ डायनिंग टेबलाचा विषय निघतोच. दुकानात सहा खुर्च्यांचं टेबल देखणं दिसतं, कारण तिथला हॉल प्रशस्त असतो आणि टेबलाभोवती कुणाची ये-जा नसते. तेच टेबल घरी येतं तेव्हा फ्रीजचं दार अर्धंच उघडतं, स्वयंपाकघरात जाताना अंग चोरावं लागतं आणि भिंतीकडच्या दोन खुर्च्यांवर हळूहळू धुतलेल्या कपड्यांचा ढीग साचतो. टेबल वाईट नसतं. त्याच्याभोवती लागणारी जागा कुणी मोजलेली नसते.

चार फूट बाय अडीच फुटाचं साधं चौघांचं टेबल स्वतः दहा चौरस फूट जागा घेतं. पण दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मागे ओढून बसायचं, उठायचं आणि मागून एखाद्याने जायचं म्हटलं, तर तेच टेबल तीस-बत्तीस चौरस फूट खातं. म्हणून सुरुवात मोकळ्या जागेपासून करायची. लाकूड, रंग, डिझाइन हे सगळं नंतर.

पहिली पायरी: रोज किती जण जेवतात?

पाहुणे आले तर किती, हा प्रश्न बाजूला ठेवा. मंगळवारी रात्री साडेआठला घरात एकाच वेळी किती जण जेवायला बसतात? तिघं असतील तर चौघांचं टेबल, पाच असतील तर सहांचं. वर्षातून चार-पाचदा पंधरा माणसं येतात तेव्हा कुठलंच टेबल पुरत नाही. त्या दिवशी खाली पंगत मांडावी किंवा टेबलावर भांडी ठेवून ताटं हातात घ्यावीत, आणि दोन्ही प्रकार आपल्या घरांत छान चालतात. वरचेवर एखाद-दुसरा पाहुणा येत असेल तर दोन घडीच्या खुर्च्या किंवा स्टुलं बेडखाली ठेवली की काम भागतं.

याला एक अपवाद मात्र मी मनापासून करेन. घरात गुडघेदुखीने खाली बसू न शकणारी आजी-आजोबांची जोडी असेल, तर त्यांच्या दोन जागा कायमच्या धरा. नाहीतर पाहुणे आले की ‘तुम्ही नंतर बसा’ हे त्यांनाच ऐकावं लागतं.

टेबलावर जेवणाखेरीज काय काय होणार, तेही आत्ताच ठरवा. मुलांचा अभ्यास, लॅपटॉप, मटार सोलणं, दिवाळीत लाडू वळणं. लॅपटॉपवर रोज काम होणार असेल तर जवळ प्लग पॉइंट हवा. लाडू-करंज्यांचा घाणा होणार असेल तर पुसायला सोपा पृष्ठभाग हवा.

दुसरी पायरी: खोली स्वतः मोजा

बिल्डरच्या छापील नकाशावर विसंबू नका. त्यात काढलेलं टेबल बहुधा खुर्च्या आत ढकललेल्या अवस्थेत दाखवतात, तेही मापात असेलच असं नाही. कार्पेट एरियाचा आकडाही इथे कामाचा नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार घरातल्या आतल्या भिंतींनी व्यापलेली जागासुद्धा कार्पेट एरियात धरतात, आणि भिंतीवर काही टेबल ठेवता येत नाही.

पोलादी टेप घ्या आणि फरशीलगत, स्कर्टिंगपासून स्कर्टिंगपर्यंत मोजा. मुलाच्या आलेखाच्या वहीतला कागद घेऊन एक चौकोन म्हणजे सहा इंच धरा आणि खोली काढा. त्यात दारं कुठे उघडतात, फ्रीज कुठे आहे, वॉश बेसिन, गॅलरीची वाट, देवघर, पंखा, स्विचबोर्ड हे सगळं दाखवा. फ्रीजपुढे दार पूर्ण उघडून माणूस उभा राहील इतकी, म्हणजे निदान साडेतीन फूट जागा सोडा. आपल्याकडे बेसिन पुष्कळदा डायनिंगच्या कोपऱ्यातच असतं, आणि खरकट्या हाताने तिकडे जाणाऱ्याच्या वाटेत कुणाची खुर्ची नको.

गणपती घरी बसत असतील तर मखराची जागाही कागदावर काढा. पुष्कळ घरांत ती डायनिंगच्या भिंतीशीच असते. मग टेबल त्या दिवसांपुरतं हलवता यायला हवं, आणि हलवून ठेवायचं कुठे तेही माहीत हवं. दगडी टॉपचं टेबल दरवर्षी सरकवणं दोघांनाही झेपत नाही.

तिसरी पायरी: ही मापं लक्षात ठेवा

एका माणसाला टेबलाच्या कडेची दोन फूट लांबी लागते. त्याहून कमी असेल तर कोपर कोपराला लागतं. चौघांसाठी चार फूट, सहांसाठी पाच ते सहा फूट लांबी ठीक.

रुंदीबद्दल परदेशी मापं आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण आपण ताटात जेवतो. आपलं नेहमीचं ताट सुमारे बारा इंचांचं असतं. समोरासमोर दोन ताटं म्हणजे चोवीस इंच गेले. टेबल तीस इंच रुंद असेल तर मधे उरतात सहा इंच. तिथे मिठाचं भांडं आणि लोणच्याची बरणी बसते, पण आमटीचं पातेलं, पोळ्यांचा डबा आणि भाताचा कुकर बसत नाही. छत्तीस इंच रुंदी असली तर मधे फूटभर जागा मिळते आणि सगळी भांडी टेबलावर मांडून आपापलं वाढून घेता येतं. तेव्हा घरात कसं वाढतात ते पाहून ठरवा. ओटा दोन पावलांवर असेल आणि गरम पोळी तव्यावरून थेट ताटात येत असेल, तर तीस इंच पुरतात. सगळे एकदम बसून मधली भांडी फिरवत असतील तर छत्तीसच घ्या. हा सहा इंचांचा फरक दुकानात जाणवत नाही, घरी रोज दोन वेळा जाणवतो.

खुर्चीमागे भिंत असेल तर टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत किमान अडीच फूट ठेवा. मागून येण्याजाण्याची वाट असेल तर तीन फूट. दोन फुटांत माणूस कसाबसा आत शिरून बसतो, पण त्याच्या मागून ताट घेऊन कुणी जाऊ शकत नाही.

टेबलाची उंची साधारण २९ ते ३० इंच आणि खुर्चीच्या बैठकीची १७ ते १८ इंच असते. दोन्हींतलं अंतर ११ ते १२ इंच पाहिजे. हाताने जेवताना टेबल फार उंच असेल तर खांदा उचलला जातो. सुताराकडून करून घेत असाल आणि घरातली माणसं बुटकी असतील, तर २९ च्या वर जाऊ नका आणि बैठकही त्या बेताने खाली घ्या. पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत.

आता हिशेब करून बघू

समजा, हॉलच्या टोकाला डायनिंगसाठी नऊ फूट बाय आठ फूट जागा आहे. एका लांब बाजूला भिंत आणि समोरच्या बाजूने स्वयंपाकघरात जायची वाट. टेबलाची लांबी नऊ फुटांच्या दिशेने ठेवू.

आठ फुटांत काय बसवायचं? भिंतीकडे खुर्चीला अडीच फूट, वाटेकडे तीन फूट, मिळून साडेपाच. उरले अडीच. म्हणजे अडीच फूट रुंदीचं, चार फूट लांबीचं चौघांचं टेबल नेमकं बसतं. सहा बाय तीनचं टेबल आणलं तर साडेआठ फूट लागतात. अर्धा फूट कमी पडला, आणि तो वाटेतूनच जाणार. शिवाय नऊ फुटांपैकी सहा फूट टेबलाने घेतल्यावर दोन्ही टोकांना दीड-दीड फूट राहतो, म्हणजे तिथे खुर्ची लागत नाही. ‘थोडंच मोठं आहे, बसेल’ हे दुकानदाराचं म्हणणं असं कागदावर तपासून घ्या.

जागा अरुंद आणि लांब असेल, तर टेबलाची लांब बाजू भिंतीला लावून टाका. समोरच्या बाजूला दोन खुर्च्या, टोकांना एकेक. चौघांची सोय होते आणि भिंतीपासून फक्त पाच फूट जागा जाते. लांबीत मात्र चार फुटांच्या टेबलाला नऊ फूट लागतात. वन बीएचकेच्या हॉलमध्ये, जिथे सोफा आणि टीव्ही दोन्ही आहेत, तिथे मला ही मांडणी सगळ्यांत सोयीची वाटते. त्याहून लहान खोली असेल तर भिंतीला बिजागरीने लावलेलं घडीचं टेबल करून घ्या. फक्त ते विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवरच लावा, जिप्समच्या पार्टिशनवर नको.

चौथी पायरी: फरशीवर टेबल आखा

कागदावर बसलं म्हणून ऑर्डर देऊ नका. मास्किंग टेप किंवा खडूने टेबलाचा खरा आकार फरशीवर आखा. त्या आकारात जुने वर्तमानपत्राचे कागद पसरा आणि भोवती घरातल्या असतील त्या खुर्च्या, खरोखर बसल्यावर असतात तशा, मागे ओढून ठेवा. मग आठवडाभर त्या आखणीभोवती घर चालवा. सकाळी डब्याच्या घाईत कोण कुठून जातं, दूध घ्यायला दाराकडे धावताना पाय कुठे अडतो, कचऱ्याचा डबा आणि कपडे वाळत घालायचा स्टँड कुठे जातो, हे त्या आठ दिवसांत कळतं. पाय वारंवार कागदावर पडत असेल तर टेबलाचं माप कमी करा किंवा ते फिरवून बघा.

याच वेळी वर बघा. टेबल नेमकं पंख्याखाली आलं तर उन्हाळ्यात बरं वाटतं, पण पोळ्या आणि भात लवकर गार होतात. किंचित बाजूला असलेलं बरं. टेबलावर दिवा टांगायचा असेल तर तो टॉपपासून ३० ते ३६ इंच वर असावा, आणि पंख्याची पाती व दिव्याची दोरी एकमेकांच्या जवळ येऊ देऊ नयेत.

पाचवी पायरी: आकार

आयताकृती टेबल बहुतेक फ्लॅटना चालतं. चौरस खोलीत तीन फुटांचं चौरस टेबल चौघांना पुरतं. गोल टेबल दिसायला मोहक, गप्पांना उत्तम, पण ते भिंतीला लावता येत नाही आणि चारही बाजूंनी मोकळी जागा मागतं. चौघांना साडेतीन फूट व्यास हवा. चार फुटांच्या गोल टेबलाचा परीघ साडेबारा फूट भरतो, म्हणून दुकानदार त्याला ‘सिक्स सीटर’ म्हणतात, पण सहा जण बसले तर माणशी जेमतेम दोन फूट कड मिळते. लहान मुलं असतील तर टोकदार कोपरे टाळा.

उघडून मोठं होणारं टेबल मधल्या मापाच्या घरांना चांगलं. ते दुकानात स्वतः उघडून-मिटवून बघा. कोकणपट्टीत पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि लाकडी सरकपट्ट्या अडकतात. तिथे धातूची चॅनल असलेलं घ्या.

सहावी पायरी: टॉप कशाचा?

भरीव लाकडात सागवान आपल्याकडे जुना आणि खात्रीचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान बाजारात ‘सीपी टीक’ (सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, जुना मध्य प्रांत) म्हणून ओळखलं जातं. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली लाकूड गेलं ते बल्लारपूरहूनच. शिसम राजस्थानातल्या कारखान्यांतून तयार फर्निचर म्हणून येतं, मजबूत आणि जड. आंबा स्वस्त, पण नीट वाळवलेला आणि कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेला हवा. दुकानात ‘सॉलिड वूड’ म्हणून दाखवतात ते फिकट लाकूड पुष्कळदा रबराच्या झाडाचं असतं. ते टाकाऊ नाही, मात्र प्रक्रियेशिवाय त्यालाही कीड लवकर लागते. कोकणात जुन्या घरांत फणसाच्या लाकडाचं सामान दिसतं. गावी चांगला सुतार आणि वाळलेलं लाकूड हाताशी असेल तर तेही जरूर करून घ्या.

भरीव लाकूड हवेप्रमाणे रुंदीत फुगतं आणि आकसतं. मुंबईच्या जुलैत एक माप, नागपूरच्या मे महिन्यात दुसरं. म्हणून टेबल उलटं करून किंवा खाली वाकून बघा. टॉप खालच्या चौकटीला कसा जोडला आहे? लांबट भोकांतून स्क्रू किंवा खाचेत सरकणाऱ्या क्लिपा असतील तर सुताराला लाकूड कळतं. सगळीकडून घट्ट स्क्रू आणि गोंदाने आवळून टाकलं असेल, तर दोन-तीन उन्हाळ्यांत टॉपला चीर जायची शक्यता मोठी.

प्लायवूडवर सनमायका हा रोजच्या वापरासाठी माझा पहिला सल्ला. हळदीचा हात लागला तरी पुसला जातो, पॉलिशची चिंता नाही आणि सुतार तो घराच्या मापाने करून देतो. प्लाय निदान बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) दर्जाचा मागा आणि कडा नीट बंद करून घ्या. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा किंवा तंतू दाबून केलेले बोर्ड, पाण्याला नाजूक. कडेची पट्टी जराशी सुटली, तिथून आमटीचं पाणी आत शिरलं की बोर्ड फुगतो आणि पुन्हा बसत नाही. त्याचे पायही तसल्याच बोर्डाचे असतील तर फरशी पुसतानाचं पाणी खालून चढतं. पायांना रबरी बूट घाला.

पांढरा संगमरवर फोटोत फार सुंदर दिसतो. पण लिंबू, चिंच, आमसूल, ताक अशा आंबट पदार्थांनी त्याची चकाकी जाते, तिथे मळकट ठसा राहतो आणि तो पुसून निघत नाही. हळद मुरते ती वेगळीच. सोलकढी आणि चिंच-गुळाची आमटी होणाऱ्या घरात मी तो सुचवणार नाही. दगडच हवा असेल तर ग्रॅनाइट घ्या, ओट्यावर तो इतकी वर्षं टिकतोच आहे. फक्त वजन ध्यानात घ्या: चार बाय तीन फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा दगड पन्नास किलोंच्या वर जातो, तेव्हा खालची चौकट तशी भक्कम पाहिजे.

काच लहान खोली मोकळी दाखवते. ती टफन्डच घ्या, १० ते १२ मिलिमीटर जाडीची. अशी काच फुटली तर धारदार सुऱ्यांसारखे तुकडे न होता बारीक दाणे होतात. टफन्ड केल्यावर ती कापता येत नाही, म्हणून माप आधी पक्कं करा. स्टीलची ताटं-वाट्या काचेवर खूप वाजतात आणि बोटांचे ठसे सतत पुसावे लागतात, एवढं मान्य असेल तर घ्या.

टॉप कुठलाही असो, गरम कुकर थेट ठेवू नका. अडणी किंवा जाड कापडी घडी हाताशी ठेवा.

सातवी पायरी: खुर्च्या टेबलाइतक्याच महत्त्वाच्या

टेबलाकडे पाच मिनिटं आणि खुर्चीवर पंधरा मिनिटं द्या. बसा, पाठ टेकवा, टेबलाजवळ ओढून घ्या. मांडी आणि टेबलाखालची आडवी पट्टी यांच्यात हात सहज फिरला पाहिजे. बैठकीपासून त्या पट्टीपर्यंत सात इंच तरी अंतर असावं. टॉपखाली ड्रॉवर असेल तर इथेच अडचण येते.

आपल्याकडे अनेकांना खुर्चीवरही मांडी घालून बसायची सवय असते, वडीलधाऱ्यांना तर विशेष. त्यांच्यासाठी बैठक रुंद, निदान अठरा इंच, आणि हातांशिवायची हवी. उलट ज्यांना उठताना आधार लागतो त्यांना हात असलेली खुर्ची द्या. चार खुर्च्या एकसारख्याच हव्यात असा नियम नाही. हातांची खुर्ची टेबलाखाली सरकते का, ते मात्र तपासा. सरकली नाही तर ती कायम वाटेत राहील.

एका बाजूला बाक ठेवला तर जागा वाचते, कारण तो पूर्ण आत ढकलता येतो, आणि मुलं दोनाऐवजी तीन बसतात. पण मधल्याला उठायचं तर बाकीच्यांना हलावं लागतं आणि पाठीला टेका नसतो. ज्येष्ठांची जागा बाकावर नको. कापडी गादीची बैठक घ्यायची तर कव्हर काढून धुता येणारं घ्या, नाहीतर रेग्झिन बरं.

आठवी पायरी: दुकानात, आणि मग जिन्यात

दुकानात टेबलाच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार द्या, मग तिरकं हलवून बघा. डुगडुगलं तर विचारा, फरशी असमान आहे की जोड सैल. खाली वाकून कोपऱ्यांत तिरक्या आधारपट्ट्या आणि बोल्ट आहेत का ते पाहा. नुसते खिळे-स्टेपल दिसले तर पुढे चला. पायाजवळ किंवा टेबलाखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर लाकडात कीड आहे. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये तयार माल आणि लाकूड दोन्ही पाहायला मिळतं, मुंबईत ओशिवऱ्याला जुनं फर्निचरही. जुनं सागवानी टेबल चांगल्या अवस्थेत मिळालं तर ते नव्या बोर्डाच्या टेबलापेक्षा केव्हाही घ्यावं, पण भुशाची तपासणी तिथे दुप्पट बारकाईने करा.

बिलावर लाकडाचं नाव, टॉपचं माप आणि जाडी, खुर्च्यांची संख्या, वॉरंटी आणि घरी जोडून देण्याचा खर्च लिहून घ्या. ‘वुडन डायनिंग सेट’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका.

ऑर्डर देण्याआधी इमारतीचं दार, लिफ्ट, जिन्याचं वळण आणि घराची चौकट मोजा. पाय सुटे होत असतील तर फक्त टॉपचा विचार करावा लागतो. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये सहा फुटांचा टॉप उभाही मावत नाही, आणि अरुंद जिन्याच्या चौकात तो वळत नाही. सोसायटीत सामान चढवायच्या वेळा ठरलेल्या असतील तर तेही आधी विचारा.

टेबल जोडून झालं की गडी माणसं जाण्याआधी चारही खुर्च्यांवर बसून बघा आणि टॉपच्या कडांवरून हात फिरवा. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा. टेबल बाहेरच्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून दोन-तीन इंच दूर ठेवा. पहिला पावसाळा सरून हवा कोरडी झाली की बोल्ट थोडे सैल होतात, ते एकदा आवळून घ्या. त्यासाठी लागणारी ॲलन की (षटकोनी टोकाची वाकडी चावी) सोबत मिळाली असेल तर ती चिकटपट्टीने टेबलाच्याच खाली लावून ठेवा.